रघु पालवच्या टेम्पोचं पाणी

आमच्या चाळीच्या फाटकाशी रघु पालवचा टेम्पो उभा असायचा. लहान, जुना, मागे उघडा हौदा. रंग दरवर्षी रघु स्वतः लावायचा, त्यामुळे जवळून पाहिलं तर ब्रशाचे ओघळ दिसायचे. रंगकामात त्याला गती नव्हती. इंजिनात होती.

मी बसच्या वर्कशॉपात फिटर होतो. निवृत्त झालो तरी डोळा जात नाही. आमच्या चाळीत आता गाड्या पुष्कळ आहेत, पण बॉनेट उघडणारे थोडे. रघु रोज सकाळी चावी फिरवायच्या आधी पाणी बघायचा, तेलाची पट्टी पुसून बघायचा, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा. मग देवाला हात जोडावेत तसा डॅशबोर्डला हात लावून निघायचा. क्रम कधी चुकला नाही.

त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा रघु शाळेत होता, ती शाळा तिथेच सुटली. आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर माल चढवायचा. मग शेजारी बसून गाडी शिकला. मालक म्हातारा झाला आणि गावाला गेला, तेव्हा तोच टेम्पो रघुने घेतला. पुढे कांताबाईंचं काम मिळालं. कांताबाईंची लालबागला मसाला कुटायची गिरणी. तिथला मसाला गिरगावच्या आणि दादरच्या दुकानांत पोचवायचा. रघुचं घर त्या एका कामावर चालत होतं. बाकी मिळेल ते वरकड.

रेडिएटर तो वर्षातून एकदा धुवायचा, गणपतीच्या आधीच्या रविवारी. त्याचं कारण होतं. आमच्या चाळीचा गणपती त्याच्याच टेम्पोतून गिरगाव चौपाटीला जायचा. भाडं तो घेत नसे. आणि विसर्जनाचा दिवस गाडीला वर्षातला सगळ्यात वाईट. ओझं फार नसतं, पण चाल नसते. दिवसभर पहिला गिअर, पुढे नाचणारी माणसं, आणि वारा अजिबात नाही. पळत्या गाडीला वारा थंड करतो. रखडत्या गाडीला फक्त पंखा आणि पाणी. म्हणून त्या दिवसाआधी पाणी स्वच्छ हवं, असं तो म्हणायचा. बरोबर म्हणायचा.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळीच येतं. त्याची बायको सुभद्रा पहाटेच ड्रम भरून ठेवायची. इंजिन थंड असायचं. रघु झाकण काढायचा, खालचा कॉक सोडायचा आणि जुनं पाणी बालदीत धरायचा. रस्त्यावर सोडत नसे. पाण्यात इंजिन थंड ठेवणारं कूलंट मिसळलेलं असतं, ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. मग खालचा होस, म्हणजे रबरी नळी, काढून तिथे पाइप लावायचा, फडक्याने आवळायचा, आणि पाणी खालून वर सोडायचा. नेहमीच्या दिशेने सोडलं तर गाळ आणखी दाबून बसतो. उलटं सोडलं की सुटतो. इंजिनाच्या ब्लॉकचंही तसंच, पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट काढून. बालदीचा तळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी नवं कूलंट, मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली की वरून भरायचं. पाइप धरायला मी असायचो. त्याने कधी बोलावलं नाही, मीच खाली उतरायचो. नीट चाललेलं काम बघायला बरं वाटतं.

गेल्या वर्षीही असंच धुतलं. विसर्जनाला निघताना पाण्याचा एक कॅन त्याने सीटमागे ठेवला. तोही नेहमीचाच.

मिरवणूक गिरगावात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण गाडीच्या तापमानाचा काटा चढला होता. रघुने टेम्पो कडेला घेतला, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. थोड्या वेळाने ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण सोडलं. बरीच वाफ गेली, पाणीही गेलं. सीटमागे हात घातला तर कॅन रिकामा. लेझीमवाल्या मुलांनी पिऊन टाकला होता. तहानलेल्या मुलांना काय बोलणार? सुभद्राचा भाऊ शिवा, आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, तो म्हणाला, चौपाटी आलीच आहे, ढकलत नेऊ. ढकलत नेली. पोरांनी त्याचाही नाच केला.

चौपाटीला पोचलो. मूर्ती पाटावरून पाण्यात न्यायला चार माणसं लागतात आणि पुढचा उजवा कोपरा रघुचा असतो. पहिल्या वर्षापासून त्याचाच. आरती झाली, लोक ओरडायला लागले, चला, चला. रघुने पँट गुडघ्यावर दुमडली आणि सुभद्राला सांगितलं, जरा कुठून पाणी बघून घाल, झाकण उघडंच आहे. आणि गेला. एवढंच झालं.

तो भिजून परत आला तेव्हा रेडिएटर काठोकाठ होता. त्याने झाकण लावलं, काटा बघितला, गाडी सुरू केली. घरी आलो.

दिवाळी गेली, थंडी गेली. रोज सकाळी बॉनेट उघडत होतं. पाणी थोडं गढूळ दिसतंय, असं तो एकदा म्हणाला होता. गुलाल पडला असेल, मी म्हटलं. आत्ताच तर धुतलं होतं. दोघांनाही त्यात काही वाटलं नाही.

होळीनंतर मसाल्याचा हंगाम लागतो. बायका गच्चीवर मिरच्या वाळवतात, डबे घेऊन गिरणीवर रांगा लावतात. दुकानांचीही मागणी तेव्हाच. कांताबाईंच्या दिवसाला दोन-दोन फेऱ्या व्हायला लागल्या आणि टेम्पोचा काटा चढायला लागला. आधी चढणीला. मग सिग्नलला. एकदा गिरगावात दुकानासमोर गाडी तापून बसली आणि माल उशिरा उतरला. कांताबाई ओरडणाऱ्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की या महिन्यात माल थांबून चालत नाही, गाडी बघून घ्या, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल.

रघुने गाडी बघायला घेतली. घाई केली नाही. सोपं आधी.

पहिल्यांदा रेडिएटरच्या जाळ्या. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी मारलं. लाल चिखल यायला लागला. गेल्या कित्येक विसर्जनांचा गुलाल आणि कांताबाईंच्या दारातली मिरचीची पूड, दोन्ही पंख्याने ओढून जाळ्यांत बसवलेलं. कुठला गुलाल आणि कुठली मिरची ते दिसण्यावरून कळेना, पण तळमजल्यावरची माणसं शिंकत बाहेर आली. शिवा वरून म्हणाला, "भावोजी, गाडी धुताय की फोडणी देताय?" सगळे हसले. रघुसुद्धा हसला. त्याला वाटलं, दुखणं सापडलं.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा चढला.

मग झाकण बदललं. त्याचं रबर कडक झालं होतं, ते निमित्त. फरक नाही. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघितला, उघडत होता. पंप बघितला. पट्टा बघितला. राहिलं आतलं पाणी. वेळ नसताना धुवायचं काढलं म्हणून मला कळलं की आता तो घाबरला आहे.

सुभद्राने ड्रम भरून ठेवला होता. रघुने कॉक सोडला. काही आलं नाही. तारेने टोचलं तेव्हा पाणी आलं, चहासारखं, जाड. बालदीत थोडा वेळ निवळायला ठेवलं आणि वरचं पाणी ओतून दिलं. खाली गाळ होता. गंजाचा गाळ चिकट असतो, बोटाला तेलासारखा लागतो. हा बोटाखाली कुरकुरला. रघुने तो तळहातावर पसरला. मधेमधे चमकत होता.

 मग बालदीत उरलेल्या पाण्यात त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकला. पुन्हा लावलं.

"नाना, खारं आहे," तो मला म्हणाला.

मी लावून बघितलं नाही. गरज नव्हती. चाळीच्या नळाला खारं पाणी येत नाही आणि टेम्पो समुद्राजवळ वर्षातून एकदाच जातो.

सुभद्रा पाण्याची दुसरी बालदी घेऊन येत होती. रघुने तिला विचारलं, चढ्या आवाजात नाही, की चौपाटीला पाणी कुठलं घातलंस. ती थांबली. बालदी खाली ठेवली.

आमच्याकडे विसर्जन झालं की समुद्राचं पाणी आणि मूठभर वाळू घरी आणतात. पाटावर किंवा कळशीत. ते सगळ्या खोल्यांत शिंपडतात, वाळू तांदळाच्या डब्याखाली ठेवतात. वर्षभर घरात बरकत राहते म्हणतात. ते आणायचं काम सुभद्राचं. त्या दिवशी गर्दीत पाण्याचा नळ कुठे सापडेना. विकतच्या बाटल्यांपर्यंत पोचता येईना. हातात भरलेली कळशी होती.

सुभद्राच्या तोंडात माहेरची मालवणी आहे. ती म्हणाली, "गणपतीचा पाणी होता ता. ता वायट कसा होतला?"

 हातातला गाळ रघुने बालदीच्या काठावर पुसला. ती परत म्हणाली की तळाची वाळू मी घरी आणली होती, नुसतं वरचं घातलं, आणि घालताना हात पण जोडले. मग तिला बहुतेक कळलं की यातलं काहीच उपयोगाचं नाही. ती बालदी तिथेच ठेवून जिना चढून गेली.

रघु माझ्याकडे वळून म्हणाला, "पाइप धरा, नाना. नळाचं पाणी जाईल."

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. तो गणपतीच्या आधी न धुता नंतर धुणारा असता, तर ते पाणी दुसऱ्या आठवड्यात निघालं असतं. निष्काळजी माणसाची गाडी तापली असती तर त्याने दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली असती. याने आधी धुतलं होतं, नीट धुतलं होतं, म्हणून नंतर बघायचं कारण नव्हतं. समुद्राचं पाणी विसर्जनापासून होळीपर्यंत त्या इंजिनात फिरत राहिलं. हे त्याला मी सांगितलं नाही. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

त्या दिवशी आम्ही नळ जाईपर्यंत पाणी सोडत होतो. दुसऱ्या सकाळी परत. तिसऱ्या सकाळी परत. धुवायची पावडर घालून इंजिन चालवलं, ओतलं, पुन्हा घातलं. वडाळ्याला एक जुना रेडिएटरवाला आहे, पितळी काम करणारा. त्याच्याकडे रेडिएटर उतरवून नेला. त्याने वरची टाकी झाळकामाचा डाग उकलून काढली आणि एकेका नळीतून पट्टी घालून गाळ काढला. पुन्हा डाग दिला, हवा भरून पाण्यात बुडवून दाखवलं. एक बुडबुडा नाही. तो माणूस बोलता बोलता रघुला म्हणाला की रेडिएटर आता माझ्या जबाबदारीवर, पण इंजिनाच्या आत माझी पट्टी पोचत नाही.

रघुने सगळे होस नवे घातले. कूलंट भरलं. रिकाम्या गाडीने परळपर्यंत जाऊन आला. काटा मध्यावर. पुन्हा जाऊन आला. काटा मध्यावर. संध्याकाळी त्याने कांताबाईंना सांगितलं की उद्यापासून येतो.

दुसऱ्या दिवशी मसाल्याची पोती भरून दादरला निघाला. मी सोबत होतो, असाच. हिंदमाता चौकाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. ऊन डोक्यावर. रघु रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होता. काटा हलला तेव्हा स्टिअरिंगवरचा हात त्याने काढून मांडीवर पुसला. मग पांढरा धूर आला. पुढून नाही, मागून, सायलेन्सरमधून.

कडेला घेतली. बॉनेट उघडलं. रेडिएटरला काही झालं नव्हतं. रघुने तेलाची पट्टी काढली. तिच्यावर दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी होतं. पाणी तेलात गेलं होतं. म्हणजे मिठाने आतून वाट केली होती. त्याने पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. तेच. तिसऱ्यांदा घातली आणि राहू दिली.

पोती हातगाडीवर घालून दुकानात पोचवली. टेम्पो दोरीने ओढत आणला.

मेकॅनिकने इंजिनाचं हेड उघडलं. ब्लॉकची पाण्याची भोकं कुरतडल्यासारखी झाली होती, हेडचा पृष्ठभाग खवल्यांसारखा. घासून सपाट केलं तर मटेरियल उरत नाही, म्हणाला. दुसरं इंजिन बसवता येईल, पण टेम्पोचं वय बघता कोणी शहाणा माणूस ते करणार नाही. यात चूक कोणाची नाही, वय झालं, असंही म्हणाला. त्याला चौपाटीचं माहीत नव्हतं. रघुने सांगितलं नाही.

सांगितलं सुभद्राने. ती कुणाला न विचारता कांताबाईंकडे गेली. मी गिरणीच्या दारात मिरच्यांचा डबा घेऊन रांगेत होतो, म्हणून ऐकलं. तिने सगळं सांगितलं, कळशीसकट. चूक माझी आहे, त्यांची नाही, त्यांना थोडे दिवस द्या, कुठूनतरी गाडी उभी करतील. मशीन चालू होतं, त्यामुळे तिला ओरडून सांगावं लागलं आणि रांगेतल्या सगळ्या बायकांना कळलं.

कांताबाईंनी मशीन बंद केलं नाही. तिला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"तुझं खोटं नाही गं म्हणत मी," त्या म्हणाल्या. "पण पावसाच्या आत मसाला घरात पाहिजे सगळ्यांना. मी कोणाला थांब सांगू?"

काम सोमवारपासून दुसऱ्याकडे गेलं. हंगाम संपल्यावर बघू असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या मनात तसं असेलही. पण ज्या दुसऱ्याची गाडी एकदा दारात लागते, त्याला हंगामानंतर कोण काढतं?

मेकॅनिकने हेड परत बसवून दिलं होतं आणि टेम्पो पुन्हा फाटकाशी उभा होता; तो भंगारवाल्याने न्यायचा ठरला. तो येणार त्या दिवशी सकाळी पाइपचा आवाज आला म्हणून मी गॅलरीतून बघितलं. रघुने बॉनेट उघडून रेडिएटरला पाइप लावला होता. खालून वर, फडकं आवळून.

मी खाली गेलो.  पाइप धरला. त्याने आधी रेडिएटर धुतला, मग ब्लॉक. बालदी भरली की उचलून गटारात न ओतता मोरीत नेऊन ओतत होता. सुभद्रा वरून ड्रम भरल्याचं सांगायला आली आणि तिथेच उभी राहिली. पाणी पिवळं आलं, मग फिकट, मग नितळ. बालदीचा तळ दिसला. रघुने वाकून बघितलं आणि कॉक बंद केला. नवं कूलंट भरायचं नव्हतं, म्हणून काम तिथेच थांबलं. तो थोडा वेळ पाना हातात घेऊन उभा होता, पुढचं काय ते न सुचल्यासारखा.

भंगारवाला दुपारी आला. त्याच्या माणसांनी पहिल्यांदा रेडिएटर उतरवला, पितळ म्हणून.

पावसाळ्यात रघुला परळच्या एका माणसाचा टेम्पो चालवायला मिळाला. रोजावर. नवी गाडी, पाण्याची टाकी प्लॅस्टिकची, आत रंगीत कूलंट, वर लिहिलेलं की झाकण उघडू नये. तो तरी रोज सकाळी बॉनेट उघडून बाहेरून बघतो.

यंदा गणपती त्याच टेम्पोतून न्यायचा ठरला. मालकाला शिवाने पटवलं. रघुनेच चालवायचं. निघताना त्याने पाण्याचे दोन कॅन सीटमागे ठेवले आणि वर गोणपाट टाकलं. गिरगावात शिरलो तरी काटा हलला नाही. नव्या गाडीला काही झालं नाही, होणारही नव्हतं.

चौपाटीला आरती झाली. पाटाला तिघांनी हात घातला आणि पुढचा उजवा कोपरा मोकळा राहिला. शिवा धावत आला. "भावोजी, चला ना, खोळंबलेत सगळे."

"तू धर," रघु म्हणाला.

शिवाने माझ्याकडे बघितलं.  तो गेला. लोक ओरडत पाण्यात शिरले. सुभद्रा कळशी घेऊन त्यांच्या मागे गेली, वाळू आणि पाणी आणायला. ते सोडता येत नाही. परत आली तेव्हा ती टेम्पोजवळ आली नाही. लांब, आमच्या बायकांच्या घोळक्यापाशी, कळशीवर पदर झाकून उभी राहिली.

रघुने दोन्ही कॅन खाली उतरवले होते. एक गुडघ्यांत धरून दुसऱ्यावर तो बसला होता, पाठ टेम्पोला टेकलेली, तोंड रस्त्याकडे. समुद्राकडून गजर आला तेव्हा त्याने बसल्या जागीच हात जोडले आणि पुन्हा कॅनच्या झाकणावर ठेवले.